साखळीची कडी आणि इतिहासाची साधने

मराठीत ‘साधन’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. इतिहासकाराच्या लेखी साधन म्हणजे कागद, दप्तर, शिलालेख. कारागिराच्या लेखी साधन म्हणजे अवजार. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला तेव्हा त्यांच्यासमोर पहिला अर्थ होता. राजवाडे यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले. त्यांनी जमविलेले दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळही याच शहरात आहे. त्यामुळे खानदेशातील अभ्यासकाला ‘साधन’ म्हटले की जुन्या कागदांचा वास आठवावा, हे स्वाभाविकच होय. तथापि या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ उपेक्षितच राहिला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाच्या एका अतिशय सामान्य वस्तूचा विचार करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे सायकलची साखळी, अर्थात आपल्या सर्वांच्या बोलण्यातली ‘चेन’. ती कशी टिकविली गेली, केव्हा बदलली गेली आणि हे सर्व कमी पैशांत कसे साधले गेले, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु ज्यांच्याविषयी कागद उरत नाहीत अशा माणसांचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

पहिली साखळी : मोजणीची

संस्कृत ‘शृंखला’ या शब्दापासून प्राकृतातून ‘साखळी’ हा शब्द आपल्याकडे आला. बेडी, दाराची कडी, दागिना असे त्याचे अर्थ जुनेच आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकात खानदेशच्या शेतकऱ्याला या शब्दाचा एक नवाच अर्थ भेटला. तो म्हणजे सरकारी मोजणीची साखळी. मुंबई इलाख्यातील जमीन मोजणी ३३ फूट लांबीच्या साखळीवर आधारलेली होती; ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आजही सातबाऱ्यावर आपण वाचतो तो गुंठा या साखळीचाच वंशज होय. ही साखळी घेऊन मोजणीदार खानदेशात उतरले तेव्हा १८५२ मध्ये सावदा, फैजपूर या परिसरात शेतकऱ्यांनी उघड विरोध केला. मोजणीमागोमाग सारावाढ येणार ही त्यांची भीती होती. हा विरोध मोडून काढण्यासाठी सरकारला लष्कर पाठवावे लागले.

या पहिल्या साखळीविषयी आपल्याला पुष्कळ माहिती आहे, कारण ती राज्यकर्त्यांची साखळी होती. तिने काय मोजले, किती मोजले, कोणी अडविले याची नोंद सरकारदप्तरी झाली. या साखळीचा एक गुणधर्म मात्र पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवा. वापराने तिच्या कड्यांचे सांधे झिजत आणि साखळी हळूहळू लांब होई. लांब झालेल्या साखळीने मोजलेली जमीन प्रत्यक्षाहून कमी भरते. म्हणून मोजणीशास्त्राची पाठ्यपुस्तके विद्यार्थ्याला बजावतात की साखळी वेळोवेळी प्रमाणित लांबीशी ताडून पाहावी. झीज ही अशी गुपचूप वाढणारी गोष्ट आहे. तिचे मोजमाप घेतल्याशिवाय ती डोळ्यांना दिसत नाही.

१८८० : तीन घटना

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतील बारावा खंड, म्हणजे खानदेशचा खंड, १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जळगावजवळच्या आसोदे या गावी बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस कारखानदाराने ‘बुश रोलर’ साखळीचे पेटंट घेतले. या तीन घटनांचा परस्परांशी काहीही कार्यकारणसंबंध नाही, हे सांगावयास नकोच. तरीही खानदेशच्या इतिहासाकडे पाहताना हे वर्ष सोयीचे ठरते. एकीकडे राज्यकर्त्यांनी केलेली मुलखाची नोंद, दुसरीकडे ज्या मौखिक ज्ञानाला पुढे कविता म्हणून मान्यता मिळाली त्याचा आरंभ, आणि तिसरीकडे या दोन्हींपासून दूर, पुढच्या शतकात खानदेशच्या रस्त्यांवर येऊ घातलेले एक यंत्र.

रेनॉल्डच्या साखळीत नवे काय होते? त्यापूर्वीच्या साखळ्यांत कडीची पातळ पट्टी थेट खिळीवर घासत असे. घर्षणाचा सारा भार अरुंद कडेवर येई आणि साखळी लवकर झिजे. रेनॉल्डने आतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक छोटी नळी बसविली. खिळी या नळीत फिरू लागली आणि नळीवर एक सुटे रूळ आले, जे चक्राच्या दातावर घासण्याऐवजी फिरू लागले. भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला गेला आणि साखळीचे आयुष्य वाढले. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही दोन जवळजवळ सारख्या चाकांची सायकल आणली, तिचे मागचे चाक साखळीनेच फिरत होते. १८८८ मध्ये डनलॉपची हवेची रबरी धाव आली. सायकलला आज आपण ओळखतो ते रूप या अवघ्या आठ वर्षांत प्राप्त झाले. पुढे अर्धा इंच अंतराच्या कड्यांची साखळी सर्वत्र रूढ झाली. आज धुळ्यात विकत घेतलेली साध्या सायकलची चेन तत्त्वतः रेनॉल्डचीच साखळी आहे. एवढ्या दीर्घ काळात इतके थोडे बदललेले यंत्रांग विरळाच.

मराठी मुलखात आगमन

मराठी माणसाच्या औद्योगिक इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा सायकलच्या दुकानातून निघतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या विक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. तेथून चारा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी असा हा प्रवास झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला या वाडीची ओळख निराळ्या कारणाने असते. १९२० मध्ये कारखान्याचे वृत्तपत्रक म्हणून निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ पुढे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाली. म्हणजे आपण ज्या नियतकालिकाच्या आधारे दोन महायुद्धांमधल्या मराठी मध्यमवर्गाचा सांस्कृतिक इतिहास शिकवितो, त्याच्या मुळाशी एक सायकलचे दुकान आहे! अमेरिकेत डेटन येथे सायकली दुरुस्त करणाऱ्या राइट बंधूंनी १९०३ मध्ये विमान उडविले, त्याचे पंखेदेखील साखळ्यांनीच फिरत होते. सायकल दुरुस्ती ही त्या काळची यंत्रविद्येची गरिबांना परवडणारी शाळा होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आरंभी सायकल ही चैनीची वस्तू होती. ती परदेशातून येई, तिचे सुटे भागही परदेशातून येत. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली तेव्हा जुन्या भागांवरच निभावून नेणे क्रमप्राप्त झाले. देशी कारखानदारी याच सुमारास उभी राहू लागली. १९३९ च्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल, स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५२ मध्ये आसनसोलला सेन-रॅले, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. १९६० मध्ये अंबत्तूर येथेच अमेरिकेतील डायमंड कंपनीच्या सहकार्याने साखळीचा स्वतंत्र कारखाना निघाला. लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांतून सुटे भाग देशभर जाऊ लागले आणि चेन, फ्रीव्हील, छर्रे, कॉटर या वस्तू तालुक्याच्या बाजारातही मिळू लागल्या. सायकल गिरणी कामगाराची, दूधवाल्याची, शिक्षकाची, पोस्टमनची झाली ती या टप्प्यावर. भुसावळचा रेल्वे कामगार, अमळनेर आणि धुळे येथील गिरणी कामगार, केळीच्या बागेत जाणारा शेतमजूर यांच्या घरी सायकल आली ती बहुधा जुनी, दुसऱ्याची वापरलेली. आणि जुन्या सायकलीबरोबर जुनी चेन येते.

झीज आणि काटकसर

येथे थोडे तांत्रिक विवेचन अपरिहार्य आहे. चेन ‘वाढली’ असे आपण म्हणतो, पण पट्टीचे लोखंड ताणून लांब होत नाही. प्रत्येक सांध्यात खिळी आणि नळी एकमेकींवर घासून दोन्ही किंचित झिजतात. एका सायकलच्या चेनमध्ये असे शंभराच्या आसपास सांधे असतात. प्रत्येकातली केसाएवढी झीज एकत्र झाली की चेन सैल पडते. खानदेशात या झिजेला दोन गोष्टी हातभार लावतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेल पातळ होऊन निथळते आणि त्याची जागा धूळ घेते. पावसाळ्यात तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीचा चिकट चिखल कड्यांत भरतो. तेलात मिसळलेली बारीक माती म्हणजे पॉलिश कागदच. ती प्रत्येक फेऱ्याला लोखंड खाते. ओल्या हवेच्या युरोपात काही सायकलींना तेलाने भरलेली बंद पेटी असे. आपल्याकडच्या चेनकव्हरचे मुख्य काम धोतर, साडी आणि पायजमा वाचविणे हेच राहिले.

सैल चेनवर पहिला उपाय फुकटचा असतो. मागच्या चाकाच्या चकत्या सैल करून चाक मागे ओढायचे. चेनच्या मध्यभागी बोटाने दाबल्यास ती सुमारे अर्धा इंच खाली-वर व्हावी, हा ताणाचा साधा निकष. चाक मागे सरकविण्याची खाच संपली की दुसरा उपाय : ‘कडी काढणे’. आतली एक आणि बाहेरची एक अशी जोडी काढावी लागते, म्हणजे एक इंच. चेन चक्राच्या वर आणि खाली अशी दोन्हीकडून जात असल्यामुळे एक इंच काढला की चाक अर्धा इंच पुढे येते. मिस्तरी खिळी पूर्ण बाहेर ठोकत नाही, बाहेरच्या पट्टीत तिचे टोक अडकलेले ठेवतो, म्हणजे ती पुन्हा बसविता येते. काढलेली कडी टाकायची नसते. ती दुकानातल्या डब्यात जाते आणि दुसऱ्या कोणाच्या तुटलेल्या चेनला जीवदान देते.

परंतु कडी काढण्याने लांबी कमी होते, झीज कमी होत नाही. उरलेल्या प्रत्येक कडीतील अंतर अर्ध्या इंचाहून थोडे अधिकच राहते. अशी चेन दातांच्या बुडाशी न बसता टोकाकडे सरकते आणि दात करवतीसारखे वाकडे करते. पुढच्या चक्राचे दात मागच्या फ्रीव्हीलच्या दुपटीहून अधिक असतात; म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात फ्रीव्हीलचा प्रत्येक दात दोनदा तरी झिजतो. म्हणून फ्रीव्हील आधी जाते. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन घातली तर ती जोर लावताच दातावरून उडते आणि गिऱ्हाईक नव्या चेनला दोष देते.

हे टाळण्याची कसोटी एका साध्या फूटपट्टीची आहे. चेनच्या एका खिळीच्या मध्यावर पट्टीचे शून्य धरावे. नव्या चेनमध्ये चोविसावी पुढची खिळी बरोबर १२ इंचांवर येते. ती अर्धा सूत पुढे गेली असेल तर लक्ष ठेवावे. एक सूत पुढे गेली, म्हणजे १२ इंचांना इंचाचा आठवा भाग वाढला, तर चेन बदलावी. सुताराच्या आणि मिस्तऱ्याच्या भाषेतील ‘सूत’ हे माप इथे अचूक लागू पडते. मोजणीच्या साखळीला जो न्याय, तोच या साखळीला. चेन हा या संचातला स्वस्त भाग, फ्रीव्हील त्याहून महाग आणि क्रँकसहित पुढचे चक्र सर्वांत महाग. वेळीच चेन बदलणे म्हणजे स्वस्त भाग देऊन महाग भाग वाचविणे. नवी चेन जुन्या चेनशी लांबी ताडून नव्हे, कड्या मोजून कापावी. जोडकडीच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवावी, म्हणजे ते अडकून निसटत नाही.

तेलाचेही एक अर्थशास्त्र आहे. बैलगाडीच्या आसाला द्यावयाच्या वंगणाला जुन्या मराठीत ‘ओंगण’ म्हणत, आणि एरंडेल हे त्यातले उत्तम मानले जाई; ते सहसा वाळून चिकट होत नाही. (‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध नावाचे मूळही एरंडेलाच्या इंग्रजी नावातच आहे.) गावोगावी तेलघाण्या आणि गिरण्या असलेल्या या प्रदेशात भुईमुगाचे किंवा सरकीचे तेल हाताशी असे, पण खाद्यतेल हवेने घट्ट होऊन कड्या जखडते. मोटारीतून काढलेले जळके ऑइल फुकट मिळते, पण त्यात धातूचा कीस असतो आणि ते कातडीलाही अपायकारक. शिवणयंत्राचे तेल स्वच्छ, पण पातळ, म्हणून वरचेवर द्यावे लागणारे. रॉकेलमध्ये बुडवून, जुन्या ब्रशने घासून, पूर्ण वाळवून, प्रत्येक रुळावर एकेक थेंब सोडायचा आणि बाहेरचे सर्व तेल फडक्याने पुसून टाकायचे, ही यातली खरी पद्धत. तेल आत हवे. बाहेर चमकणारे तेल फक्त धूळ गोळा करते.

आता प्रश्न असा की हे सर्व ठाऊक असूनही चेन वेळेवर का बदलली जात नसे? याचे उत्तर ‘अज्ञान’ असे देणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. येथे काटकसरीची दोन गणिते परस्परांसमोर उभी असतात. ज्याच्याकडे महिन्याच्या अखेरीस चार पैसे शिल्लक राहतात त्याला वेळेवर चेन बदलणे स्वस्त पडते. ज्याची मजुरी रोजची आहे त्याला आज कडी काढून घेणे परवडते, चेन परवडत नाही. तो तीन-चार वेळा कडी काढतो आणि अखेर चेन, फ्रीव्हील, चक्र सर्व एकदम संपवून एकदाच बदलतो. हेही शुद्ध तर्काला धरून आहे. एकत्र झिजलेले भाग एकमेकांशी जुळतात आणि शेवटपर्यंत चालतात. फक्त त्याची किंमत एकूण अधिक पडते. गरिबी महाग असते, हे अर्थशास्त्रीय सत्य मिस्तऱ्याच्या डब्यातल्या सुट्या कड्यांत साठलेले आहे. मिस्तरी या दोन्ही गणितांमधला दुभाष्या. कोणत्या गिऱ्हाइकाला ‘बदला’ म्हणायचे आणि कोणाला ‘भाऊ, अजून पावसाळा निघेल’ म्हणायचे, हा त्याचा रोजचा निवाडा असतो.

भाषेत उरलेले, दप्तरात नसलेले

‘मिस्तरी’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ वरून आला. ‘चेन’, ‘फ्रीव्हील’, ‘पायडल’ इंग्रजीतून. पण क्रियापदे पाहा : चेन उतरते, पडते, सैल होते, उडते, खाते. नामे परकी राहिली, क्रिया मात्र मराठी झाल्या. वापर करणाऱ्यांनी यंत्र आपलेसे कसे केले याचा हा भाषिक पुरावा आहे, आणि धातूंचा कोश रचणाऱ्या राजवाडे यांच्या परंपरेतील अभ्यासकाला तो महत्त्वाचा वाटावयास हवा. साहित्यात आणि चित्रपटात सायकल येते ती बहुधा प्रेमाची, बालपणाची किंवा चोरीची म्हणून. डी सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ने एका सायकलीवर एका कुटुंबाचे जगणे कसे अवलंबून असते ते जगाला दाखविले. पण सायकल चोरीला न जाता रोज चालू राहण्यासाठी जे करावे लागते, त्यात नाट्य नसल्यामुळे ते कथेत येत नाही.

इतिहासलेखनात हे चित्र अलीकडे बदलू लागले आहे. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात शोधांऐवजी वापराचा आणि देखभालीचा इतिहास मांडण्याचा आग्रह धरला. डेव्हिड अर्नोल्ड यांच्या २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या ग्रंथात भारतातील सायकल, शिवणयंत्र, टंकयंत्र अशा लहान यंत्रांचा विचार आहे. आपल्या सरकारी साधनांत मात्र हा व्यवसाय ओझरताच दिसतो. राज्य गॅझेटियरच्या मालिकेत शिंपी, केशकर्तनालये, धुलाई यांच्या रांगेत सायकलची दुकाने काही ओळींत येतात. जनगणनेनुसार देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे २००१ मध्ये सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्क्यांकडे. त्यातील किती सायकली चेनअभावी भिंतीला टेकून उभ्या होत्या, हे कोणत्याही रकान्यात नाही. मालकी मोजली गेली, चालू असणे मोजले गेले नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान देण्याची तरतूद झाली, हे निःसंशय स्तुत्य. पण सायकल एकदा मिळते आणि चेन पुन्हा पुन्हा झिजते. गावात मिस्तरी उरला नाही तर कड्यांत अडकलेली माती एका मुलीची शाळा थांबवू शकते.

दरम्यान काळ पालटला आहे. १९८६ मध्ये हीरो सायकल जगातील सर्वांत मोठी उत्पादक ठरली. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये, जागतिक सायकलदिनी, ३ जूनला बंद पडला. मोटारसायकली वाढल्या, तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने एकेक करून मिटली, आणि त्या दुकानांतील माणसे वयाने थकली. त्यांचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. ते हातात आहे, कानात आहे (चेनच्या आवाजावरून ती किती झिजली हे सांगणारे कान) आणि त्या डब्यात आहे.

जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांत मराठीचे विद्यार्थी दरवर्षी लोकगीते, ओव्या, म्हणी गोळा करतात. अहिराणीचे आणि लेवा गणबोलीचे शब्द टिपून घेण्याची परंपराही आपल्याकडे आहे. याच वह्यांत आणखी एक सदर घालावे : गावातल्या सर्वांत जुन्या सायकल मिस्तऱ्याचे शब्द, त्याची अवजारे, त्याचे दर आणि त्याने उधारीवर काढलेल्या कड्या. १८५२ च्या साखळीची नोंद सरकारने ठेवली, कारण तीवर सारा अवलंबून होता. या दुसऱ्या साखळीवर हजारो घरांची रोजची मजुरी आणि रोजची शाळा अवलंबून होती. तिची नोंद ठेवण्याचे काम कोणत्याही सरकारने केलेले नाही. ते आपणच करावयाचे आहे, आणि त्यासाठी लागणारे साधन म्हणजे एक वही, एक फूटपट्टी आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसण्याइतकी फुरसत.